येते म्हणजे किती वाजता?

अमेरिकेत, मिनेसोटातल्या आमच्या गावात एकच सिग्नल होता आणि तोही नुसता पिवळा लुकलुकायचा. त्याच्या एका अंगाला धान्याची उंच पांढरी कोठारं, दुसऱ्या अंगाला पाण्याची टाकी आणि टाकीवर गावाचं नाव. मधे बँक, बेकरी, लायब्ररी, तीन चर्च आणि नवऱ्याचं पंचवीस खाटांचं हॉस्पिटल. पहिल्या दिवशी विमानतळावरून ड्राइव्ह करत आलो, तेव्हा मी नवऱ्याला विचारलं होतं, "गाव कुठून सुरू होतं?" तो म्हणाला, "अगं, आत्ताच संपलं." मग त्याने गाडी वळवून परत आणली.

गावाच्या चारही बाजूंना मका आणि सोयाबीन. पोहे, तुरीची डाळ, हिंग आणायला आम्ही महिन्यातून एकदा ईडन प्रेरी शहरातल्या भारतीय दुकानात जायचो. अडीच तास जायला, अडीच यायला. हिवाळ्यात बर्फाने रस्ता बंद झाला की त्या महिन्यात वरणाऐवजी टोमॅटोचं सार व्हायचं.

आम्ही तिथे हौसेने गेलो नव्हतो. नवऱ्याच्या व्हिसाची अट होती, की जिथे डॉक्टर जायला तयार नसतात अशा ठिकाणी तीन वर्षं काढायची. मी अमरावतीच्या एका कॉलेजातली लायब्ररीची नोकरी सोडून आले होते आणि माझ्या व्हिसावर मला काम करता येणार नव्हतं. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. माहेरी मला लवंगी मिरची म्हणायचे, तेही कौतुकाने नव्हे. निघण्याआधीच मी नवऱ्याकडून वदवून घेतलं होतं, तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं, वर एक दिवस नाही. मग न्यू जर्सीला जायचं. आयसेलिनजवळ त्याचा कॉलेजचा मित्र राहत होता. तिथे म्हणे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी आपलीच दुकानं, भाजीला जाता जाता ओळखीचं कोणीतरी भेटतं. मी बर्फाकडे बघत मनातल्या मनात ते मांडे खात बसायची.

माणसं वाईट होती असं नाही. समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख दाखवायचा, ओळख असो वा नसो. चार रस्ते मिळतात तिथे चार गाड्या एकदम आल्या, तर चौघंही एकमेकांना 'तुम्ही आधी' म्हणत थांबायची. मागच्या गाडीतली मी कपाळाला हात लावायची.

आमच्या घरासमोर एक बाई एकट्या राहायच्या. तीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली होती. गावातल्या चाळिशीच्या आतल्या प्रत्येक माणसाला त्यांनी कधी ना कधी 'खाली बस' म्हणून दरडावलेलं होतं. उंच, सडसडीत, केस बारीक कापलेले. सत्तरी ओलांडली तरी दारातलं बर्फ स्वतःच उपसायच्या. तिथे सगळे त्यांना नुसत्या नावाने हाक मारत. मला ते कधी जमलं नाही. आईच्या वयाच्या बाईला अरे-तुरेच्या थाटात कशी हाक मारायची? इंग्रजीत मी नाव टाळून वाक्यं फिरवायची, आणि घरात आम्ही त्यांना समोरच्या काकू म्हणायचो. इथेही त्या काकूच राहू देत.

आम्ही आलो त्याच दिवशी काकू खाली खिमा आणि वर बटाट्याचे तुकडे लावलेली एक भाजलेली, गरम डिश घेऊन आल्या. आम्ही मांस खात नाही म्हटल्यावर ती तशीच घेऊन गेल्या. तासाभराने तीच डिश मका आणि चीज घालून परत आली. दोन दिवसांनी मी ती धुऊन, रिकामी कशी द्यायची म्हणून त्यात चिवडा भरून त्यांच्याकडे गेले. त्यांनी कॉफी दिली. कॉफी म्हणजे पाण्याला कॉफी नुसती दाखवलेली, पण कप भला मोठा. चिवड्यातला एकेक शेंगदाणा निवडून खात त्यांनी माझी चौकशी केली. पाऊण तासाने मी उठले, बूट घातले आणि म्हणाले, "ओके, आय विल कम." त्या म्हणाल्या, "ओ, ओके."

असं चार-पाच वेळा झालं. बेकरीवाल्या बाईंशी असंच बोलणं व्हायचं, लायब्ररीतल्या बाईंशीही. लायब्ररीत तर मी रोजच जायची, कारण तिथे हीटर चांगला होता आणि पुस्तकांचा वास अमरावतीसारखाच होता. गुरुवारी मागच्या खोलीत बायका जमून जुनी पुस्तकं डिंकाने चिकटवायच्या. लायब्ररीतल्या बाईंनी मला त्याबद्दल सांगितलं, मी खूश झाले, छान आहे म्हणाले, आणि निघताना माझं नेहमीचं वाक्य बोलून घरी आले.

हळूहळू काहीतरी बदललं. काकू रस्त्यापलीकडून हात करायच्या, पण 'कॉफीला ये' म्हणेनात. बेकरीवाल्या बाई पाव बांधून द्यायच्या आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायच्या. गुरुवारबद्दल कोणी पुन्हा बोललं नाही. मला वाटलं, झालं यांचं कुतूहल. नव्याचे नऊ दिवस. आईला फोनवर सांगितलं, "इथले लोक गोड बोलतात गं, पण अंगणाच्या आत घेत नाहीत." त्या रात्री रडलेही. नवरा म्हणाला, "तुझा काहीतरी गैरसमज होतोय यार, माझ्याशी तर सगळे मस्त बोलतात." मी म्हटलं, तुझ्याकडे स्टेथोस्कोप आहे.

पहिल्या वर्षीच्या ऑक्टोबरात एका रविवारी मी खिडकीत उभी होते. आमच्या रस्त्यावरची एकेक दारं उघडली आणि माणसं चांदीच्या कागदाने झाकलेल्या डिशेस घेऊन काकूंच्या घराकडे जाऊ लागली. शेवटच्या घरातले आजोबासुद्धा वॉकर ढकलत निघाले. काकूंचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. अख्खी गल्ली तिथे आणि समोर राहणारी मी खिडकीत. इतका अपमान मला कधी वाटला नव्हता. मी पडदा ओढला आणि संध्याकाळपर्यंत घरातली सगळी कपाटं आवरली.

तिथल्या लोकांची रीत अशी, की मनातलं तोंडावर बोलायचं नाही. मन दुखलं तर त्या माणसाला आणखी एक केक नेऊन द्यायचा. पण भीड भिकेची बहीण, आणि माझं तर या बहिणीशी कधीच पटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तडक रस्ता ओलांडून गेले, दार वाजवलं आणि आत न जाताच विचारलं, "काल सगळ्यांना बोलावलं. मला का नाही?"

काकूंच्या हातात भांडी पुसायचं फडकं होतं. त्यांनी त्याची नीट घडी घातली. तेवढ्या वेळात मला वाटलं, आता दार लागणार. मग त्या म्हणाल्या, "कारण तू येते म्हणतेस आणि येत नाहीस."

"कधी?" मी विचारलं.

"पाच वेळा," त्या म्हणाल्या. "पहिल्या वेळी मला वाटलं, घरून काही आणायला गेलीस. मी कॉफीचं दुसरं भांडं चढवलं. तिसऱ्या वेळी सिनॅमन रोल केले होते. संध्याकाळी पाचपर्यंत वाट बघितली. मग वाटलं, हिला यायचं नसतं, पण तोंडावर नाही म्हणवत नाही. अशा माणसाला वाढदिवसाला बोलावून अडचणीत का टाकायचं?"

"पण किती वाजता येणार असं विचारायचं ना."

"ते बरं दिसत नाही."

मग माझ्या लक्षात आलं. आणि नुसत्या काकूच नव्हेत, बाकीचं सगळंही धडाधड लक्षात आलं. बेकरी. लायब्ररी. प्रत्येक दारातून मी 'आय विल कम' म्हणून बाहेर पडले होते आणि प्रत्येक दारामागे कोणीतरी माझी वाट बघत बसलं होतं. आठ महिने मी या गावाला तुसडं म्हणत होते आणि गाव मला शब्दाला कच्ची बाई समजत होतं. मला इतकं हसू यायला लागलं की मी दाराच्या चौकटीला टेकले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी कधी आलं ते कळलं नाही. काकूंनी मला दंडाला धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं आणि ते घडी घातलेलं फडकं हातात दिलं.

मी त्यांना समजावून सांगितलं, की आमच्या भाषेत निघताना कोणी 'जाते' म्हणत नाही. ते अशुभ. माझी आत्या तर शाळेत निघालेल्या मला पायरीवरून परत बोलवायची आणि 'येते' म्हणायला लावायची. जातो तो जो परत दिसत नाही. म्हणून स्टेशनवर चाललेला माणूसही येतो म्हणतो, आणि सहा महिन्यांनी भेटणाराही येतोच म्हणतो.

काकूंनी विचार केला. "आणि खरंच तासाभरात परत येणार असलीस तर?"

"तरी येतेच."

"मग समोरच्याला कळतं कसं?"

एवढं एम.ए. मराठी होऊन मी म्हटलं, "कळतं, एवढंच."

"हे जरा वेगळंच आहे," काकू म्हणाल्या. त्या भागातली माणसं वेगळं म्हणाली की समजायचं, त्यांना ते साफ अजब वाटलंय. मग त्या म्हणाल्या, "आता तू घरी जाताना मला काय म्हणणार आहेस?"

"येते."

"मग ये. चार वाजता. केक उरलाय."

मी चारला पाच मिनिटं कमी असतानाच गेले.

गुपित सांगून ते लपून राहावं अशी अपेक्षा लहान गावात कोणी करू नये, मग ते गाव अमरावती जिल्ह्यातलं असो की मिनेसोटातलं. बुधवारपर्यंत बेकरीवाल्या बाईंपर्यंत पोचलं होतं. मी पाव घेऊन निघताना त्यांनी काउंटरवर कोपर टेकून विचारलं, "येते म्हणजे तुमचं येते की आमचं येते?" रांगेतले सगळे हसले, मीही हसले. पुढे तो गावाचा विनोदच झाला. हॉस्पिटलात नर्सेस नवऱ्याला विचारायला लागल्या, "डॉक्टर, तुम्ही परत राउंडला येणार म्हणालात ते कुठलं?"

गुरुवारी मी लायब्ररीच्या मागच्या खोलीत गेले. आमचं येते नव्हे, त्यांचं. पुस्तकाचा कणा कसा शिवायचा ते मला कॉलेजात शिकवलं होतं, डिंकाचं काम मला बघवेना. मी सुई-दोरा मागवला आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना कामाला लावलं. माझा आवाज चढला की त्या बायका एकमेकींकडे बघायच्या. महिन्याभराने मला कळलं की त्या माझ्या आवाजाला घाबरत नव्हत्या, त्यांना तो आवडत होता. त्यांच्यापैकी एक म्हणाली, इथे कोणी कोणाला काही ठणकावून सांगतच नाही, बरं वाटतं कधीकधी.

पुढची अडीच वर्षं आठवायला बसले की मोठं असं काही आठवत नाही. रोज दुपारी बाराला वाजणारा भोंगा आठवतो. पहिल्या दिवशी तो ऐकून मी टेबलाखाली गेले होते, नंतर त्यावर कुकर लावायला लागले. ऑगस्टमध्ये पायरीवर कोणीतरी ठेवून गेलेली कणसांची पिशवी आठवते. चुलीचा निखारा नव्हता म्हणून मी ती गॅसवर भाजून, लिंबू-मीठ-तिखट चोळून काकूंना दिली. त्या घाम पुसत तीन कणसं खाऊन म्हणाल्या, वेगळंच आहे, अजून एक दे. त्याच महिन्यात गाडीला कुलूप लावायचं असतं हेही मी शिकले. एरवी गावात कोणी घरालाही कुलूप लावत नाही, पण ऑगस्टमध्ये उघड्या गाडीत लोक आपल्या बागेतले जास्तीचे दुधीएवढे झुकिनी गुपचूप टाकून जातात. मी त्याची थालीपिठं केली. मग लोक गुपचूप टाकेनात, सरळ बेल वाजवून देऊ लागले.

आणि आठवतो त्यांचा निरोप. पाहुणा गुडघ्यांवर थाप मारून "वेल" म्हणतो, म्हणजे निघालो. मग तो अर्धा तास निघत नाही. दारात एक विषय, पायरीवर दुसरा, गाडीत बसल्यावर काच खाली करून तिसरा. हे बघून मला माहेरच्या बायका आठवल्या, ज्यांना खरं बोलायचं असतं ते फाटकाशीच आठवतं. मी काकूंना म्हटलं, यात तरी तुम्ही आणि आम्ही अगदी एक आहोत. त्या म्हणाल्या, "मग तू आत बसलेली असताना मला काही खरं सांगितलंच नसशील."

तीन वर्षं पुरी झाली त्या वसंतात नवऱ्याला न्यू जर्सीहून ऑफर आली. हॉस्पिटल मोठं, मित्राच्या घरापासून वीस मिनिटांवर. त्याने ईमेल मला वाचून दाखवली आणि म्हणाला, "बोललो होतो ना, तीन वर्षं." त्याला राहायचं होतं हे मला दिसत होतं. म्हातारे शेतकरी त्याच्याकडे तपासायला यायचे ते अर्धा वेळ पिकांबद्दल बोलायचे, आणि तो घरी येऊन मला सोयाबीनचे भाव सांगायचा. पण शब्द दिलेला होता आणि तो शब्द मीच मागून घेतलेला होता. तो सोडवायचा असेल तर मलाच सोडवावा लागणार होता.

आम्ही तिकडे चार दिवस जाऊन आलो. उगाच नावं ठेवणार नाही, मला तिथे फार आवडलं. पार्किंगमध्ये मागून कोणीतरी "अहो, पिशवी राहिली तुमची" म्हणालं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी साबुदाणा वडा खाल्ला, दोन साड्या घेतल्या, हापूसच्या पेटीचा वास घेत दुकानात उगाच उभी राहिले. मित्राच्या बायकोने एक घरही बघून ठेवलं होतं. तिच्या ओळखीच्या एक मावशी आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "सुटलीस बाई. तीन वर्षं कशी काढलीस त्या जंगलात?" मी तोंड उघडलं आणि मला त्यांचा रागच आला. इतका, की मी तो गिळायला पाणी प्यायले. जंगल काय म्हणून? तिथे पक्का रस्ता आहे, लायब्ररी आहे, माझी माणसं आहेत. परतीच्या विमानात मी खिडकीकडे तोंड करून बसले. आपल्याला राग का आला, हे मलाच कबूल करवत नव्हतं.

उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं. बुधवारी सकाळी काकू मला शेतकऱ्यांच्या दुकानात घेऊन गेल्या. त्यांना बी-बियाणं घ्यायचं होतं. तिथे एका खोक्यात ओल्या भुशात काही मुळ्या ठेवल्या होत्या. लांब, मातकट, एकमेकींत गुंतलेल्या, सुतळीच्या गुंत्यासारख्या. मी विचारलं हे काय. काकू म्हणाल्या, अ‍ॅस्परॅगस. शतावरीची चुलत बहीण. त्या कोंबांची भाजी मी त्यांच्याकडे खाल्ली होती, लसणाची फोडणी देऊन मला ती फार आवडायची.

मी एक जुडी उचलली. काकूंनी ती हळूच माझ्या हातातून घेऊन परत खोक्यात ठेवली.

"ही नको घेऊस," त्या म्हणाल्या. "ही लावली की पहिल्या वर्षी कोंब कापायचे नाहीत. दुसऱ्या वर्षीही नाहीत. तिसऱ्या वर्षी कुठे ताटात येते. पुढे मग वीस वर्षं येत राहते." आणि खाली बघत, बियांची पाकिटं चाळत म्हणाल्या, "चाललेल्या माणसाने मुळा लावावा. महिन्यात येतो."

त्या मला राहा म्हणाल्या नाहीत. ते बरं दिसलं नसतं.

मी पाच मुळ्या घेतल्या. परतताना काकू नेहमीपेक्षा सावकाश गाडी चालवत होत्या. दुपारी नवरा जेवायला घरी आला तेव्हा मी मागच्या अंगणात उभी होते. बर्फ वितळून गेलेलं, माती काळीभोर आणि अजून गार होती.

तो म्हणाला, "जेवायचं नाही का? अगं, शुक्रवारी त्यांना कळवायचंय, तू काहीच बोलत नाहीयेस."

"गॅरेजमधून कुदळ आण आधी."

त्याने माझ्या हातातल्या मुळ्या पाहिल्या. "काय आहे हे?"

"अ‍ॅस्परॅगस."

"खायला कधी मिळणार?"

"तीन वर्षांनी."

त्याने एक मुळी माझ्या हातातून उचलून घेतली. मग म्हणाला, "आणि त्यांना काय सांगू?"

"कॅन्सल केलं म्हणून सांग."

त्याने कोट काढून कुंपणावर टाकला, बाह्या दुमडल्या आणि चर खणायला घेतला. वीतभर खोल पुरे, असं काकूंनी सांगितलं होतं. त्याने हातभर खणला, आणि मी त्याला थांबवलं नाही.